मोटारसायकली, कट आणि चालती मढी: बाइकर टोळीची झॉम्बी कादंबरी लिहायला घेताना

अमेरिकेतल्या बाइकर टोळ्या आणि झॉम्बी ही जोडी जुनी आहे. १९७८ साली आलेल्या एका गाजलेल्या अमेरिकी झॉम्बीपटात बाइकर्सची झुंड बंद मॉलचे दरवाजे फोडून आत शिरते, लुटालूट करते, आणि त्या धुमाकुळात प्रेतंही आत येतात. तेव्हापासून या प्रकारच्या गोष्टींत बाइकर म्हणजे बहुधा बाहेरून येणारा उपद्रव. मध्येच उगवतो, कुणाला तरी छळतो, शेवटी त्याचा कोथळा निघतो आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. तुम्हाला टोळीच्या आतून कादंबरी लिहायची असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

या विषयाची खरी ताकद कुठे आहे ते आधी सांगतो. ही माणसं पोलीस, कोर्ट आणि सभ्य समाज यांच्याविरुद्ध उभी राहून घडलेली असतात. एका आठवड्यात ते सगळं नाहीसं होतं. पहिले काही दिवस टोळीला हे जग सोयीचंच जातं. तिच्याकडे हुकुमाची उतरंड आहे, हत्यारं आहेत, गाड्या दुरुस्त करणारे हात आहेत आणि मारामारीची सवय आहे. पण ज्यांच्या विरोधात एकजूट टिकून होती तेच उरले नाहीत, तर टोळी कशाच्या जोरावर एकत्र राहणार? कादंबरीचा प्रत्येक भाग याच प्रश्नाशी बांधा. रक्तपात त्यातून आपोआप येईल.

पहिली पायरी: क्लब आतून ओळखा

या टोळ्यांचा इतिहास थोडा तरी माहीत हवा. १९४७ साली ४ जुलैच्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर या छोट्या गावात मोटारसायकलवाल्यांचा मेळा भरला होता. गावाच्या आवाक्याबाहेर गर्दी झाली आणि दारू पिऊन दंगा झाला. मग ‘लाइफ’ मासिकात बाटल्यांच्या ढिगाशेजारी मोटारसायकलवर रेललेल्या एका माणसाचा फोटो छापून आला आणि देशभर बाइकर्सची धास्ती पसरली. त्यानंतर अशी आख्यायिका रूढ झाली की ‘९९ टक्के मोटारसायकलवाले कायदा पाळणारे आहेत’ असं अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशननं जाहीर केलं. असं काही म्हटल्याची नोंद आपल्याकडे नाही, असं संघटनेचं म्हणणं आहे. टोळ्यांनी मात्र ते वाक्य छातीवर मिरवलं. उरलेला ‘१ टक्का’ आम्ही, असं सांगणारा चौकटीतला बिल्ला आजही अशा क्लबांचे सदस्य लावतात.

क्लबचा प्राण म्हणजे कट. ही बिनबाह्यांची चामड्याची किंवा डेनिमची बंडी. पाठीवर तीन तुकडे शिवलेले असतात: वर कमानीसारख्या पट्टीवर क्लबचं नाव, मध्ये चिन्ह, खाली इलाख्याचं नाव. या पट्ट्यांना रॉकर म्हणतात. खालच्या रॉकरवर एखाद्या राज्याचं नाव लावणं म्हणजे त्या राज्यावर हक्क सांगणं, आणि तिथल्या जुन्या क्लबच्या संमतीशिवाय तसं केलं तर रक्त सांडतं. क्लबमधून हाकललेल्याचा कट काढून घेतात. काही ठिकाणी त्यानं अंगावर गोंदवलेलं क्लबचं चिन्हही काळं करायला लावतात.

माणसांची उतरंडही पक्की असते. प्रेसिडेंट, व्हाइस प्रेसिडेंट, शिस्त सांभाळणारा सार्जंट-ॲट-आर्म्स, प्रवासाची आखणी करणारा रोड कॅप्टन, खजिनदार. सर्वांत खाली प्रॉस्पेक्ट. हा उमेदवार कित्येक महिने पडेल ते काम करतो, गाड्यांवर पहारा देतो, दारू आणून देतो. शेवटी मतदान होतं, आणि अनेक क्लबांत एकाचाही नकार चालत नाही. बैठकीला ते ‘चर्च’ म्हणतात. तिथे फक्त पूर्ण सदस्यांना प्रवेश, बायका आणि प्रॉस्पेक्ट बाहेर. रस्त्यावरही क्रम ठरलेला असतो: प्रेसिडेंट आणि रोड कॅप्टन पुढे, प्रॉस्पेक्ट सर्वांच्या मागे.

आता हे नियम झॉम्बींच्या जगात ठेवून पाहा. सर्वांत मागे चालणारा प्रॉस्पेक्ट सर्वांत आधी खाल्ला जातो. मग मागे कोण चालणार? एकमतानं निर्णय घ्यायचा तर चावा बसलेल्या सदस्याचं मत धरायचं का? मेलेला भाऊ (क्लबचे सदस्य एकमेकांना भाऊच म्हणतात) उठून चालू लागला आणि त्याच्या अंगावर अजून कट आहे. नियम सांगतो की कट परत घेतलाच पाहिजे. तो कोण काढून आणणार, आणि कशासाठी जीव धोक्यात घालणार? या एका प्रसंगावर पन्नास पानं निघू शकतात. कथानक शोधत बसण्यापेक्षा क्लबच्या दहा नियमांची यादी करा आणि प्रत्येक नियम कुठल्या प्रेतामुळे मोडेल ते समोर लिहा.

एक सावधगिरी. खऱ्या क्लबचं नाव वापरू नका. हेल्स एंजल्सनी (स्थापना १९४८, कॅलिफोर्निया) आपलं नाव आणि पंखांच्या कवटीचं चिन्ह ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आहे, आणि त्याच्या वापरावरून ते मोठमोठ्या कंपन्यांविरुद्ध कोर्टात गेले आहेत. स्वतःचा क्लब घडवण्यात मजाही अधिक आहे. त्याचं चिन्ह कुणी काढलं, पहिला सदस्य कोण होता, कुठल्या युद्धातून परतला होता, क्लबहाउस आधी काय होतं, हे सगळं तुमच्या हातात राहतं.

दुसरी पायरी: प्रेतांचे नियम एका पानात

झॉम्बी हळू चालतात की धावतात? मेंदू फुटला तरच मरतात का? चावल्यावर किती वेळात माणसाचा झॉम्बी होतो? चावा न बसता मेलेला माणूसही उठतो का? ऐकून येतात, वास घेत येतात की बघून? उत्तरं एका पानात लिहा आणि कादंबरी संपेपर्यंत ते पान बदलू नका. अडचणीत सापडलेल्या नायकाला वाचवायला तुम्ही एक जरी नियम वाकवलात, तर पुढच्या कुठल्याही प्रसंगात वाचक घाबरणार नाही.

बाइकर कादंबरीत आवाजाचा नियम सर्वांत महत्त्वाचा. मूळ सायलेन्सर काढून सरळ पाइप लावलेली मोटारसायकल १०० डेसिबलच्या वर सहज जाते. रहदारी, विमानं, कारखाने सगळं थांबलेल्या जगात तो आवाज मैलोनमैल पोचेल. म्हणजे ज्या गाडीवर टोळीची सगळी शान, तीच जेवणाची घंटा. सायलेन्सर परत बसवायचा की नाही, यावर चर्चमध्ये मतदान होऊ द्या. कुणीतरी म्हातारा सदस्य ठाम नकार देईल, आणि त्याच्या नकारामुळे दोन माणसं मरतील.

आणखी एक गोष्ट: मोटारसायकल म्हणजे ट्रक नव्हे. गर्दीत घुसून प्रेतं उडवत पलीकडे निघणारा बाइकर पडद्यावर शोभतो. प्रत्यक्षात ताशी ६० किलोमीटरच्या वेगानं उभ्या माणसाएवढ्या वजनाला धडकलात तर चालवणारा हँडलवरून फेकला जातो. साडेतीनशे-चारशे किलोची टूरिंग (लांब पल्ल्याची) गाडी आडवी पडली की हात मोडलेल्या माणसाला ती एकट्यानं उभी करता येत नाही. हा प्रसंग एकदा तरी लिहाच. गाडीखाली अडकलेला पाय, तापलेला पाइप पोटरीला चिकटलेला, आणि पन्नास पावलांवरून सावकाश येणारी मढी.

तिसरी पायरी: पेट्रोलचं कॅलेंडर

नवे लेखक हमखास चुकतात ते इथे. जग बुडून पाच वर्षं झाली तरी टोळी मिळेल त्या टाकीतून पेट्रोल काढते आणि सुसाट सुटते. तसं होत नाही. साधं पेट्रोल बंद डब्यात साधारण तीन ते सहा महिने चांगलं राहतं. टिकाऊपणा वाढवणारं रसायन घातलं तर वर्ष, फार तर दोन वर्षं. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, आणि पाणी पुरेसं साठलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीतून इंधन नेमकं तळातूनच घेतलं जातं. शिवाय जुन्या पेट्रोलचे हलके घटक उडून जातात, उरलेलं चिकट होतं आणि कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजतात. इंजिन खोकतं, झटके देतं, नको त्या क्षणी बंद पडतं. पंपावरचं पेट्रोलही सहज मिळत नाही. ते जमिनीखालच्या टाकीत असतं आणि वर येतं विजेवर. वीज गेली की हातपंप, लांब नळी, पहाऱ्याला दोन माणसं आणि बराच वेळ लागतो. दबा धरून केलेल्या हल्ल्याच्या प्रसंगाला याहून चांगली जागा नाही.

याचा अर्थ तुमच्या कादंबरीला काळाची मर्यादा आपोआप मिळाली. पहिला महिना मुबलक पेट्रोल. सहाव्या महिन्यात प्रत्येक डबा वास घेऊन तपासायचा. दुसऱ्या वर्षी गाडी हे हत्यार उरत नाही, वारसा होतो. बाइकवरून उतरलेला बाइकर कोण असतो? मघाचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो, आणि कादंबरीचा उत्तरार्ध त्यावर उभा करता येतो.

बॅटरीही विसरू नका. हार्लेच्या २००७ पासूनच्या सगळ्या मॉडेलांत फ्युएल इंजेक्शन आहे. त्याचा पंप चालायला वीज लागते, त्यामुळे बॅटरी पूर्ण मेली की गाडी म्हणजे नुसतं लोखंड. याउलट किक आणि कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाड्या पान्यानं आणि संयमानं पुन्हा जिवंत करता येतात. म्हणून नव्या चकचकीत गाडीवाल्या तरुणापेक्षा गॅरेजच्या कोपऱ्यात १९६०च्या दशकातली गाडी झाकून ठेवणारा म्हातारा अचानक टोळीचा सर्वांत मोलाचा माणूस ठरतो. सत्तेचा तोल असा एखाद्या यंत्रामुळे सरकला की वाचकाला तो पटतो.

चौथी पायरी: नकाशा समोर ठेवा

‘वाळवंटातला रस्ता’ असं मोघम लिहू नका. खरा नकाशा घ्या आणि अंतरं मोजा. उदाहरण देतो. कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटातून बार्स्टो ते नीडल्स हे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. मोठ्या टूरिंग हार्लेची टाकी जवळजवळ २३ लिटरची, ती हे अंतर आरामात कापते. पण जुन्या स्पोर्टस्टरच्या (हार्लेचंच हलकं मॉडेल) छोट्या टाकीत जेमतेम आठ लिटर बसतात, म्हणजे साधारण दीडशे किलोमीटर. टोळीचा पल्ला तिच्यातल्या सर्वांत लहान टाकीएवढाच. वाटेत लडलो हे एवढंसं ठिकाण लागतं, बार्स्टोपासून सुमारे ८० किलोमीटरवर. तिथला पंप कोरडा निघाला तर स्पोर्टस्टरवाल्या भावाचं काय करायचं, हा निर्णय प्रेसिडेंटला उन्हात उभं राहून घ्यावा लागेल, आणि नीडल्सच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात चामड्याचं जाकीट घालणं म्हणजे शिक्षा. पण जाड चामडं चाव्यापासून वाचवतं, आणि नुसत्या कटमध्ये दोन्ही दंड उघडे राहतात. कोण काय निवडतो त्यावरून माणूस कळतो.

पाचवी पायरी: रक्त, आतडी आणि हिशोब

आता तुम्ही ज्यासाठी आलात ते. बीभत्स लिहायचं तर शरीर माहीत हवं. प्रौढ माणसात सुमारे पाच लिटर रक्त असतं. धमनी तुटली की चिळकांडी उडते, ती हृदय चालू असतं म्हणून. ज्याचं हृदय थांबलं आहे अशा प्रेताची मान उडवली तर कारंजं उडणार नाही. मेल्यावर रक्त खालच्या भागात साठतं आणि तिथे जांभळट डाग पडतात. म्हणून तुमच्या पानांवर दोन वेगळी रक्तं हवीत: जिवंत माणसाचं लाल, गरम, दाबानं उडणारं, आणि प्रेताचं काळपट, घट्ट, ओघळणारं. एवढा एक फरक सांभाळलात तर वाचकाला रंगावरूनच कळेल की आत्ता जखम कुणाला झाली. ते सांगायची वेळ येणार नाही, आणि तेव्हाच तो हादरेल.

प्रेताचं वेळापत्रकही वापरा. मृत्यूनंतर दोन ते सहा तासांत जबडा आणि मानेपासून ताठरपणा सुरू होतो, बाराएक तासांत सगळं शरीर लाकूड होतं, आणि दीड-दोन दिवसांनी पुन्हा सैल पडतं. मला तर यात एक अख्खी रणनीती दिसते: पहिल्या रात्री प्रेतं ताठ आणि मंद, टोळीला वाटतं की आपण यांना सहज पुरून उरू, तिसऱ्या दिवशी तीच सैल होऊन वेगानं येतात. माश्या काही मिनिटांत पोचतात, अंडी साधारण दिवसभरात फुटतात. कुजण्याची हिरवट छटा आधी पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दिसते, मग अंग फुगतं. मोहावीसारख्या कोरड्या उष्णतेत मात्र कातडी सुकून चामड्यासारखी होते, प्रेत ममीसारखं टिकतं. पाणथळ लुइझियानातला झॉम्बी आणि वाळवंटातला झॉम्बी एकसारखा लिहिलात तर अभ्यास केला नाही हे उघड होईल.

कवटी सहज फुटत नाही. चाकू एका फटक्यात कवटीत शिरतो असं लिहिणाऱ्यांनी तो बाहेर काढायचाही असतो हे लक्षात घ्यावं. बाइकरच्या हाताशी काय आहे? पाना, हातोडी, साखळी, टायर उचकटायची पहार. प्रत्येक फटक्याचा हादरा मनगटातून खांद्यापर्यंत जातो, आणि दहा फटक्यांनंतर हात वर होत नाही. थकवा लिहा. थकव्याशिवायची हाणामारी खोटी वाटते.

किळस मात्र ढिगानं येत नाही, तपशिलानं येते. हे पाहा: ‘सगळीकडे रक्तच रक्त होतं. आतडी बाहेर लोंबत होती. दृश्य फार भयानक होतं.’ यात वाचकाला काहीच दिसलं नाही. आता हे: ‘डेक्सनं पाना टाकून द्यायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. दुसऱ्या हातानं एकेक बोट सोडवावं लागलं, आणि अंगठ्याच्या नखाखाली एक लांब, राखाडी केस अडकलेला निघाला. लिंडाचे केस राखाडी होते.’ आतडी एकही नाहीत. पण लिंडा त्याची कोण होती, हे आधीच्या प्रकरणांत वाचकाला ठाऊक असेल तर तो इथे पुस्तक क्षणभर खाली ठेवेल. प्रत्येक बीभत्स प्रसंगाआधी स्वतःला विचारा की यानंतर क्लबमध्ये काय बदलणार आहे. काहीच बदलत नसेल तर प्रसंग काढा, तो कितीही रंगला असला तरी.

वास विसरू नका. पोट फाटल्याचा वास रक्ताच्या वासाहून कितीतरी वाईट असतो. आणि नंतरची साफसफाई लिहा. साखळीत अडकलेलं मांस टोकदार खिळ्यानं काढणारा प्रॉस्पेक्ट, पाणी जपून वापरायचं असल्यामुळे वाळूनं हात घासणारी माणसं. लढाईपेक्षा ही पानं जास्त काळ लक्षात राहतात.

सहावी पायरी: माणसांना धुवून घेऊ नका

या टोळ्यांना रांगडे, मनाचे राजे म्हणून रंगवायचा मोह होतो. खऱ्या टोळ्यांनी अमली पदार्थ विकले, खून पाडले. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९९४ ते २००२ या काळात दोन गटांच्या युद्धात १५० हून अधिक माणसं मेली, त्यांत टोळ्यांशी संबंध नसलेलेही होते. बायकांना सदस्यत्व नसतं. बऱ्याच क्लबांत काळ्या माणसांना दार बंद होतं. दुसरीकडे १९५९ साली ओकलंडमध्ये ईस्ट बे ड्रॅगन्स हा काळ्या बाइकर्सचा क्लब उभा राहिला. हे सगळं तुमच्या जगातही असणार. जगबुडीनंतर जखमा शिवणारी एकमेव व्यक्ती म्हणजे एक काळी नर्स असेल, तर ती चर्चमध्ये बसणार की दाराबाहेर? कुणीतरी अडवेलच. त्या अडवणाऱ्यालाही तुम्ही माणूस म्हणून लिहा, त्याची भीती दाखवा, पण त्याची बाजू गोड करू नका. स्त्रियांवरच्या अत्याचाराचा वापर केवळ खलनायक किती वाईट आहे हे दाखवायला करू नका. या प्रकारच्या कादंबऱ्यांतली ती सर्वांत आळशी सवय आहे.

निवेदक म्हणून मी प्रॉस्पेक्ट सुचवेन. त्याला नियम नव्यानं शिकावे लागतात, त्यामुळे वाचकही त्याच्यासोबत शिकतो. त्याला कट हवा असतो. तो मिळेपर्यंत क्लबच उरतो की नाही, ही ओढ शेवटपर्यंत पुरते.

सातवी पायरी: बोली

संवाद मराठीत लिहिताना शिव्यांचा भडिमार करून रांगडेपणा येत नाही. भाऊ एकमेकांशी अरे-तुरेनंच बोलतील, प्रेसिडेंटशीसुद्धा. आदर दिसेल तो गप्प बसण्यातून आणि कोण आधी उठतो यातून. ग्रामीण मराठीचा एखादा ठसा दिलात तर वाचक वाळवंटातून उठून दुसऱ्याच मुलखात जाईल, म्हणून तुटक, कमी शब्दांची, कुठल्याच जिल्ह्याची नसलेली बोली ठेवा. टोपणनावं जशीच्या तशी देवनागरीत लिहा.

लिहायचा क्रम

आधी नियमांचं पान, मग क्लबची यादी: प्रत्येकाचं नाव, हुद्दा, गाडी, टाकी किती लिटरची, कुणाशी वैर, कसा मरणार. बारा-चौदा माणसं पुरेत. त्याहून जास्त झाली की मरणारा कोण होता हे वाचकाला आठवत नाही. मग कॅलेंडर आणि नकाशा. त्यानंतरच पहिलं प्रकरण. पहिल्या खर्ड्यात रक्तपाताचे प्रसंग थोडक्यात लिहून पुढे सरका, दुसऱ्या खर्ड्यात त्यांत तपशील भरा, कारण कोण कुणाचा कोण हे तोवर तुम्हालाही पुरतं कळलेलं असतं.

खर्डा तयार झाल्यावर एका मोटारसायकल चालवणाऱ्याला आणि एका डॉक्टर किंवा नर्सला वाचायला द्या. त्यांना गोष्ट कशी वाटली हे नंतर विचारा, आधी चुका खुणा करून मागा. इतर वाचकांना देताना सुरुवातीलाच एका ओळीत कळवा की यात काय काय आहे. मग त्यांना एवढंच विचारा की वाचन कुठल्या पानावर थांबवलंत. किळस येऊन थांबले असतील तर ते पान बहुतेक जागेवर आहे. कंटाळून थांबले असतील तर त्याआधी शेवटचा माणूस कधी मेला आणि त्याचा कट कुणी घेतला ते तपासा.